जुनी गाडी व नवे इंजिन

वाचनाचा भाग : 2 राजे 12 : 4–15

वर दिलेला शास्त्रभाग आपल्या उपासनेत क्वचितच वाचला जातो. त्यात चमत्कार नाही, भविष्यवाद नाही, स्तोत्र नाही. त्यात सुतार आहेत, गवंडी आहेत, पाथरवट आहेत, लाकडाची व घडलेल्या दगडाची खरेदी आहे, आणि झाकणाला भोक पाडलेली एक पेटी आहे. योआश राजाने याजकांस आज्ञा केली होती की, मंदिरात जो पैसा येतो तो घ्या व मंदिराची जेथे जेथे पडझड झाली आहे तेथे तेथे दुरुस्ती करा. आज्ञा स्पष्ट होती, पैसा येत होता, पडझड डोळ्यांसमोर होती. तथापि राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष आले तरी दुरुस्ती झाली नव्हती. याजक दुष्ट होते असे तेथे लिहिलेले नाही. काम सर्वांचे होते, म्हणून ते कोणाचेच नव्हते, असे आम्हांस वाटते.

हा भाग आज घेण्याचे कारण असे की, आमच्या परिचयाच्या एका खेड्यातील मंडळीने आम्हांस एक प्रश्न घातला आहे, व तशीच अडचण आणखी कित्येक मंडळ्यांत आहे हे आम्ही जाणतो. ह्या मंडळीकडे डिझेलवर चालणारी एक जुनी जीप आहे. तिला वीस वर्षे होऊन गेली. उपदेशकास सहा वाड्यांवर नेणे, अडलेली बाई किंवा साप चावलेला मनुष्य तालुक्याच्या दवाखान्यात पोहोचविणे, कापणीच्या सणाचे धान्य गोळा करणे, आणि प्रसंगी शवपेटी वाहणे, ही सारी कामे तिने केली. आता ती धूर सोडते. आठ माणसे बसली म्हणजे घाट चढत नाही, व महिन्यास दोन लिटर ऑइल पिते. मिस्त्रीने सांगितले, "इंजिन बदला." मंडळीजवळ तीन हंगामांच्या उपकारस्तुतीच्या दानाचे व बायांनी स्वयंपाकाच्या वेळी बाजूस काढलेल्या मूठ-धान्याचे पैसे आहेत. ते पुरतील, पण त्यानंतर पेटीत काही उरणार नाही.

पंचांत तीन पक्ष झाले आहेत. एक म्हणतो, इंजिन बदला. दुसरा म्हणतो, गाडी विका. आणि तिसरा पक्ष सभेत काही बोलत नाही, परंतु बहुधा तोच जिंकतो, कारण सभा पुढे ढकलली जाते. योआशाच्या याजकांत ह्याच पक्षाचे बहुमत असावे.

येथे आम्ही आपल्या उपदेशक बंधूंस एक विनंती करतो. इंजिन म्हणजे अंतःकरण, गाडी म्हणजे देह, ऑइल म्हणजे अमुक, असा दृष्टांत जुळविण्याचा मोह आपणांस होईल. तो आज आवरावा. गरीब लोकांच्या पैशाने काही विकत घ्यावे की न घ्यावे हा प्रश्न स्वतःच पुरेसा धार्मिक आहे. त्यास रूपकाचे पंख लावण्याची गरज नाही. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असे प्रभूने सांगितले, तेव्हा त्याचे बोलणे शिष्यत्वाविषयी होते. पण ज्याला खऱ्या बुरुजाचा हिशेब करता येत नाही त्याला त्या दृष्टांतातील अर्धेही कळणार नाही.

तर पहिली गोष्ट ही की, इंजिन खरोखर गेले आहे काय, हे पाहावे. मिस्त्रीचे म्हणणे ऐकावे, पण त्याने काय तपासले हेही विचारावे. धूर सोडणाऱ्या प्रत्येक इंजिनाचा रोग एकच नसतो. धूर काळा असेल तर डिझेल जास्त जात आहे अथवा हवा कमी मिळत आहे. कित्येकदा चोंदलेली हवेची जाळी व बिघडलेले इंजेक्टर एवढेच त्याचे कारण असते. धूर पांढरा असून रेडिएटरातील पाणी नाहीसे होत असेल, आणि ऑइलची काडी ओढून पाहता ऑइल दुधाच्या चहासारखे दिसत असेल, तर पाणी आत शिरले आहे. हेडखालचे गॅस्केट जळाले असेल अथवा हेडला तडा गेला असेल. हा खर्च आहे, पण नव्या इंजिनाचा खर्च नव्हे. धूर निळसर असेल व ऑइल वरचेवर घालावे लागत असेल, तर ऑइल जळत आहे. तेथे मात्र बहुधा रिंगा, पिस्टन व सिलिंडर झिजले आहेत असे समजावे, जरी व्हॉल्व्हच्या बाजूनेही ऑइल उतरू शकते.

डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल निखाऱ्याचे काम करते, व त्या तापलेल्या हवेत डिझेल उडविले म्हणजे ते पेट घेते. म्हणून झिजलेले डिझेल इंजिन थंडीच्या पहाटे चालू होत नाही. दाबलेली हवा फटींतून निसटते व पुरेशी तापतच नाही. हा दाब मोजण्याचे घड्याळ चांगल्या गॅरेजात असते. प्रत्येक सिलिंडरचा दाब वेगवेगळा मोजून कागदावर लिहून मागावा. चारही आकडे सारखेच उतरले असतील तर झीज सर्वत्र आहे. तीन चांगले व एकच पडलेला असेल तर दोष एका ठिकाणी आहे, व एका दातासाठी सारा जबडा काढण्याचे कारण नाही. ह्या तपासणीस अर्धा दिवस लागतो. ती एका गॅरेजात करावी व तो कागद घेऊन दुसऱ्या गॅरेजात मत विचारावे. जो मिस्त्री कागद देण्यास नाखूश असतो त्याच्याविषयी आम्ही अधिक लिहीत नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्याकडे तिन्ही पक्षांचे लक्ष नाही. इंजिनाविषयी निर्णय इंजिन पाहून होत नाही. तो गाडीखाली आडवे पडून होतो. आपल्या जुन्या जिपांची ठेवण अशी की, खाली शिडीसारखा लोखंडी सांगाडा, ज्यास मिस्त्री चासी म्हणतात, व त्यावर इंजिन, पेटी, बैठका हे सर्व बोल्टांनी बसविलेले. मुंबईत परदेशातून आलेले सुटे भाग जुळवून जिपा तयार होऊ लागल्या तेव्हापासून ही ठेवण आपल्या देशात परिचित आहे, व ह्याच कारणाने ह्या गाड्यांचे इंजिन काढून दुसरे बसविणे शक्य होते. पण शक्य होते म्हणजे योग्य होते असे नव्हे. सांगाडा गंजला असेल तर त्यावर बसविलेले नवे इंजिन म्हणजे वाळवी लागलेल्या आढ्यावर टाकलेली नवी कौले होत. विशेषतः मागच्या कमानपाट्या जेथे अडकविलेल्या असतात ती जागा, आडव्या पट्ट्यांचे जोड, आणि इंजिन ज्या रबरी बैठकांवर बसते त्यांच्या खालचे लोखंड पाहावे. हातोडीने ठोकून पाहावे. घट्ट लोखंड खणखणते. कुजलेले बद्द वाजते व पापुद्रे सोडते. चिखल व ग्रीस धुऊन मगच पाहावे, कारण त्यांच्याखाली भोके लपतात. कोकणात व घाटमाथ्यावर, जेथे पावसाचे चार महिने गाडी ओलीच असते, तेथे हे पाहणे अधिक अगत्याचे आहे.

सांगाड्यानंतर गिअरपेटी, क्लच, स्टिअरिंग, ब्रेक व विजेच्या तारा. ह्यांपैकी काय काय दोन वर्षांत पैसे मागणार आहे त्याची यादी करावी, व ती इंजिनाच्या खर्चात मिळवावी. आम्ही असे पाहिले आहे की, इंजिनाचा दर सर्वांस तोंडपाठ असतो, पण इंजिन बसविल्यावर लागलेली क्लच प्लेट, रेडिएटर, पाण्याच्या नळ्या, बैठका व मजुरी ही मंडळीस बिल आल्यावर कळतात.

मग हिशेब. पुष्कळ लोक म्हणतात, "गाडीच्या किमतीपेक्षा इंजिन महाग पडते, तर हा मूर्खपणा." हा विचार आम्हांस अर्धाच बरोबर वाटतो. गाडी विकून काय येईल, हा प्रश्न विकणाऱ्याचा आहे. चालविणाऱ्याचा प्रश्न असा की, तेवढेच काम करणारी दुसरी गाडी आणण्यास काय लागेल, व ही गाडी आणखी किती वर्षे काम देईल. उदाहरणादाखल कल्पना करा की, सर्व मिळून खर्च 1,20,000 रुपये आहे. गाडीचा सांगाडा पाच वर्षे टिकणारा असेल तर वर्षास 24,000 रुपये पडले. दोनच वर्षे टिकणारा असेल तर वर्षास 60,000 पडले. इंजिन तेच, दर तोच, मिस्त्री तोच. फरक केला तो लोखंडाने. पाच वर्षांचे माप आम्ही उगीच घेतले नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर तपासणी होऊन पाच पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. म्हणून पुढचे पासिंग केव्हा आहे, व गाडी त्यात उतरेल की नाही, हे इंजिनाला हात लावण्यापूर्वी पाहावे. ज्या गाडीचे पासिंग सहा महिन्यांवर आहे व जिचा पत्रा व ब्रेक पाहून अधिकारी मान हलविणार आहे, तिच्यात आज पैसा घालणे म्हणजे मूठ-धान्य वाऱ्यावर उधळणे होय.

दुसरी गाडी घेऊ म्हणणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या गाडीचे दुखणे आपणांस ठाऊक आहे; बाजारातील जुन्या गाडीचे दुखणे तिच्या मालकास ठाऊक असते, व तो रंग देऊन उभा असतो.

इंजिन खरोखरच झिजले आहे व सांगाडा चांगला आहे असे ठरल्यास तीन वाटा राहतात. पहिली, आपलेच इंजिन उघडून पुन्हा बांधणे. सिलिंडरास बोअर मारून अथवा नवे लायनर घालून, नवे पिस्टन व रिंगा बसवून, क्रँक घासून, बेअरिंगे बदलून तेच इंजिन पुष्कळ वर्षे चालू शकते. हे काम लेथवाल्याच्या हाताच्या सफाईवर अवलंबून आहे, पण इंजिनाचा नंबर तोच राहतो व त्याचा पूर्वेतिहास आपणांस माहीत असतो. दुसरी वाट, त्याच जातीचे तयार इंजिन घेणे. तिसरी, भंगार बाजारातून मोडीत निघालेल्या गाडीचे इंजिन आणणे. ही वाट सर्वांत स्वस्त दिसते, व हिच्याविषयीच आम्ही सावध करतो. ते इंजिन किती धावले हे कोणी सांगू शकत नाही. शिवाय, ते कोणाचे होते? इंजिनाचा नंबर व चासीचा नंबर गाडीच्या नोंदणीपुस्तकात लिहिलेले असतात. मोटार वाहन कायदा, 1988 ह्याच्या 52 व्या कलमाप्रमाणे गाडीत असा बदल करण्यास नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी लागते, व नवा नंबर पुस्तकात चढवावा लागतो. ज्या इंजिनाचे बिल नाही व ज्याच्या मूळ गाडीचे कागद नाहीत ते चोरीचे असू शकते. "आम्ही चोरले नाही, आम्ही फक्त विकत घेतले," हे उत्तर पोलिसासमोर चालत नाही, आणि आठव्या आज्ञेसमोरही चालेल असे आम्हांस वाटत नाही. पुस्तकातील नंबर व गाडीतील नंबर जुळत नसता अपघात झाला, तर विम्याचा दावाही अडकतो. मग ज्याचा पाय मोडला तो मंडळीच्या दारात येऊन बसेल, व त्यास काय सांगावे?

तरुण मंडळीपैकी काहींची इच्छा आहे की, बदलायचेच तर जास्त ताकदीचे इंजिन घालावे, म्हणजे घाट हसत चढेल. नव्या कापडाचे ठिगळ जुन्या वस्त्रास लावू नये हे प्रभूचे वचन पुष्कळदा भलत्याच कामी लावले जाते, पण ज्या अनुभवावरून तो दृष्टांत घेतला आहे तो येथे अक्षरशः लागू पडतो. जोराचे इंजिन जुन्या गिअरपेटीस व मागच्या दांड्यास पिळते, आणि ब्रेक मात्र पूर्वीच्याच वेगासाठी केलेले असतात. गाडी घाट चढेल खरी. आमची चिंता उतरण्याची आहे.

आता एक कठीण गोष्ट बोलावी लागते. जुने इंजिन कोणी मारले? वयाने मारले असे म्हणणे सोपे आहे. पण डिझेल इंजिन योग्य निगेने फार काळ चालते, व त्याच गावात एखाद्या शेतकऱ्याच्या शेडमध्ये तितक्याच वयाचा ट्रॅक्टर धडधडत असतो हे आपण पाहतो. त्या शेतकऱ्याने ऑइल वेळेवर बदलले. आपल्या जिपेत ते कमी झाले म्हणजे वरून ओतले गेले. आपल्या गावांतील विहिरींचे व बोअरचे पाणी बहुधा क्षाराचे असते. ते रेडिएटरात वर्षानुवर्षे घातले म्हणजे नळ्यांत चुन्याचा थर बसतो, पाणी फिरत नाही, व घाटात इंजिन तापते. तापलेल्या इंजिनावर घाईने गार पाणी ओतले म्हणजे हेड तडकते. उन्हाळ्यात गाडीवाटेची धूळ हवेच्या जाळीत साचते. ती जाळी न धुता कोणी ती काढूनच टाकतो, कारण त्या दिवशी गाडी हलकी पळते. मग ती बारीक धूळ ऑइलशी मिळून रिंगा व सिलिंडर यांमध्ये शिरते, व सुताराच्या कानशीप्रमाणे रोज थोडे थोडे घासते. ह्यांत ड्रायव्हराचा दोष आम्ही काढीत नाही. त्यास ऑइलसाठी पैसे मागावे लागत, व खजिनदार म्हणे, पुढच्या महिन्यात. गाडी मागण्यास बारा घरे येत, पण पावशेर ग्रीस आणून देण्यास एकही नाही.

हेच हात, हेच पाणी, हीच "पुढच्या महिन्यात"ची वही राहणार असेल, तर नव्या इंजिनाचे आयुष्य जुन्यापेक्षा कमी होईल, कारण आता गाडी चांगली झाली म्हणून ती अधिक लोक मागतील. आमचे मत असे आहे की, ज्या दिवशी पंच इंजिनाचा ठराव करतील त्याच बैठकीत दुसरा ठराव व्हावा: गाडी एका मनुष्याच्या स्वाधीन, एक वही, जीत किती किलोमीटर, किती ऑइल, केव्हा जाळी धुतली हे लिहिले जाईल, रेडिएटरात क्षाराचे पाणी न घालता कूलंट व शुद्ध केलेले पाणी, आणि लग्नावऱ्हाडासाठी गाडी नेणाऱ्याकडून डिझेलाखेरीज ठरावीक रक्कम, जी फक्त दुरुस्तीच्या पेटीत पडेल. हा दुसरा ठराव करण्यास पंच तयार नसतील तर पहिलाही करू नये. योआशाच्या कथेचा उत्तरार्ध इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात चोविसाव्या अध्यायात आहे तो वाचावा. मंदिर दुरुस्त झाले; परंतु यहोयादा याजक मेल्यावर राजा व सरदार त्या मंदिरास सोडून दुसरीकडे वळले. भिंती उभ्या होत्या, सांभाळणारा नव्हता.

गाडी हवी तरी आहे काय, हेही विचारावे. पूर्वी रोग्यास नेण्यास दुसरे साधनच नव्हते. महाराष्ट्रात 2014 सालापासून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते, व ज्या गावास ती वेळेवर पोहोचते त्या गावाने रोग्याचे कारण पुढे करून गाडी ठेवू नये. तेथे उपदेशकास एक चांगली मोटारसायकल पुरेल. पण ज्या वाड्यांची वाट रुग्णवाहिकेस सापडत नाही, किंवा जेथे पावसाळ्यात ओढ्यापलीकडून मनुष्य झोळीत आणावा लागतो, तेथे मंडळीची जीप ही चैन नव्हे. गेल्या एका वर्षात गाडी कोणत्या कामासाठी कितीदा निघाली हे आठवून लिहून काढावे. ते लिहिताना काही जणांस संकोच वाटेल असा आमचा तर्क आहे. आणखी एक अडथळा आहे, तो आम्ही हलक्या हाताने सांगतो. ही गाडी ज्या वृद्ध गृहस्थांनी मंडळीस दिली ते आता नाहीत, व त्यांच्या कुटुंबास ती विकली जाणे म्हणजे त्यांचे नाव पुसणे असे वाटते. त्या भावनेचा मान राखावा. पण त्यांनी गाडी दिली ती वाड्यांवर सुवार्ता व रोग्यास दवाखाना पोहोचावा म्हणून. ते काम दुसऱ्या वाहनाने होत असेल तर त्यांचे दान चालूच आहे. त्यांच्या मुलास पंचांनी घरी जाऊन भेटावे; सभेत एकदम ऐकवू नये.

राहिला पैसा. यहोयादाने पेटीच्या झाकणास भोक पाडून ती वेदीजवळ ठेवली, जेथे येणाऱ्याजाणाऱ्या सर्वांस दिसे. पेटी भरली म्हणजे राजाचा लेखक व मुख्य याजक, असे दोघे मिळून पैसा मोजीत व थैल्यांत बांधीत. तो पैसा कारागिरांस व दगडालाकडास गेला. त्यातून चांदीचे पेले किंवा तुताऱ्या केल्या नाहीत हे शास्त्राने मुद्दाम नमूद केले आहे. आमच्या पंचांनीही नमूद करावे की, इंजिनाच्या पैशातून नवा रंग, गादीची कव्हरे व कर्कश भोंगा घेतला जाणार नाही. त्याच अध्यायात असेही आहे की, कामकऱ्यांस पैसा देणाऱ्या माणसांकडून हिशेब घेतला गेला नाही, कारण ती प्रामाणिकपणे वागत. हे वचन कित्येक खजिनदारांस फार आवडते. त्यांनी ते आधीच्या मोजणीसहित वाचावे.

आम्ही त्या मंडळीस असे कळविले आहे: येत्या दोन आठवड्यांत दाबाची तपासणी दोन ठिकाणी करून कागद आणावेत. एके रविवारी उपासनेनंतर गाडी धुऊन, चाके काढून, ठोकळ्यांवर पक्की उभी करावी, व ज्यास पाहावयाचे त्याने खाली वाकून सांगाडा पाहावा. पेटी त्याच दिवशी सर्वांसमक्ष उघडावी. मोजण्यास दोन पंच बसतील, हे ठीक; पण त्यांच्याबरोबर मूठ-धान्य गोळा करणाऱ्या बायांपैकी दोघींनी बसावे, आणि मत देताना त्यांचे मत प्रथम विचारावे. त्यांनी रोज शिजवण्याच्या धान्यातून मूठ काढली आहे; ते धान्य कोणत्या लोखंडात जाणार आहे हे त्यांनी हातोडी ठोकून ऐकलेले असावे.